उजेडात सवलत नको





मुंबईतल्या घरांचा विषय निघाला की बोलणं चौरस फुटाच्या भावावर येतं, आणि ते रास्तच आहे. रुग्णालयातल्या परिचारिकेला, शाळेतल्या शिक्षकाला ज्या शहरात राहणं परवडत नाही, ते शहर त्यांच्याच कष्टांवर चालतं. बदलापूर-विरारहून ती माणसं रोज लोकलच्या गर्दीत उभी राहून येतात. पण ज्या गरिबांना शहरात घर मिळालं, त्यांच्या पदरात नेमकं काय पडलं, हे आज मला मांडायचं आहे. कारण त्या घरांचे नकाशे आपण वास्तुरचनाकारांनीच काढले आहेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याच्या धास्तीतून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने वस्त्या पाडल्या, कित्येकांना बेघर केलं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी या कोनात आकाशाकडे रेषा काढायची आणि समोरच्या इमारतीने ती अडवायची नाही. म्हणजे ढोबळमानाने, इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर मोकळं सोडायचं.

आता गोवंडी-मानखुर्दला या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहती. इथे बहुमजली इमारतींमध्ये जागोजागी जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावून भाकरी थापावी लागते. वरून पडणाऱ्या कचऱ्यामुळे खिडकी उघडता येत नाही. २०१८ मध्ये समोर आलेल्या अभ्यासात, ऊन-वारा न पोहोचणाऱ्या या खालच्या घरांमध्ये क्षयरोगाचं प्रमाण अधिक आढळलं. शंभर वर्षांपूर्वी ज्याला आपण रोगाचं घर म्हणत होतो, तेच आपण नव्याने बांधून दिलं.

हे कसं घडलं? पुनर्वसनातल्या मोफत घराचा खर्च विक्रीच्या इमारतीतून किंवा हस्तांतरणीय विकास हक्कांतून (टीडीआर) निघतो. पुनर्वसनाला जितकी कमी जमीन, तितकी विक्रीला जास्त. मग मूळ रहिवासी भूखंडाच्या एका कोपऱ्यात एकावर एक रचले जातात आणि त्यासाठी सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, सवलत घेतली जाते. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं २२५ चौरस फुटांचं घर आज ३०० चौरस फुटांचं झालं, हे चांगलंच झालं. पण क्षेत्रफळ वाढलं म्हणून खोलीत ऊन येत नाही.

बिल्डर आणि सरकार यांना जाब विचारायलाच हवा. पण सवलतीच्या प्रस्तावाखाली सही आपली असते. म्हणून माझी विनंती आहे की, वास्तुरचनाकारांच्या या परिषदेने दोन ठराव करावेत. पुनर्वसनाच्या इमारतीत सर्वांत खालच्या घराला किमान किती ऊन आणि हवा मिळेल, हे नकाशासोबत दाखवणं बंधनकारक करावं आणि त्या किमान मर्यादेत कोणालाही, कोणत्याही कारणाने सवलत देऊ नये. शिवाय, ताबा दिल्यानंतर पाच वर्षांनी प्रत्येक वसाहतीची आरोग्य तपासणी व्हावी आणि अहवाल रहिवाशांच्या हाती द्यावा.

हे ठराव सरकारने मान्य करेपर्यंत थांबण्याची आपल्याला गरज नाही. खालच्या घरांना ऊन-हवा न देणाऱ्या नकाशावर सही नाकारण्याचा अधिकार आपल्याला आजही आहे. तो वापरूया.