कच्चं मडकं
(शताब्दी सप्ताहातील प्रवचनाचा मजकूर)

या दिंडीला शंभर वर्षं झाली. गेले पाच दिवस इथे दिंडीचं कौतुक चाललं आहे, आणि ते रास्तच आहे. मी मात्र आज कौतुकाचा विषय घेत नाही. नामदेवरायांना कच्चं ठरवलं, ती कथा घेतो.

कथा तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त ती सांगितली आहे. गोरोबाकाकांजवळ संतमंडळी जमलेली. मुक्ताईने थापटणं पाहिलं आणि विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग आम्हीही मडकीच की, असं ती म्हणाली, आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं पडू लागलं. कुणी हूं की चूं केलं नाही. नामदेवरायांची पाळी आली आणि ते रागावले. काकांनी निकाल दिला, एवढं मडकं कच्चं.

आता बघा, नामदेवराय म्हणजे कोण? लहानपणी ज्यांच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला ते. आणि पारखणारा कोण? तेरचा एक कुंभार. सुचवणारी कोण? एक पोर! राग यायचाच. पण थापटणं तर सगळ्यांनाच लागलं होतं. बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून बघतो ना? भाजलेला असला तर खणखणतो, कच्चा असला तर बद्द वाजतो. काकांनी नामदेवरायांची भक्ती मोजायला घेतलीच नव्हती. “मला?” एवढा बद्द आवाज त्यांनी ऐकला.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नामदेवराय तक्रार घेऊन पंढरीला आले, हक्काच्या माणसाकडे. आपणही तेच करतो. कुणी दोष दाखवला की जो आपली बाजू घेईल त्याच्याच ओट्यावर जाऊन बसतो. पण विठ्ठलाने बाजू घेतली नाही. त्याने ‘तुझंच बरोबर’ म्हणून पाठीवरून हात फिरवला असता, तर नामदेवराय तिथेच राहिले असते. देवाने त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडलं.

हे विसोबा कोण? आळंदीत मुक्ताईला मांड्यांसाठी खापर मिळू नये म्हणून कुंभारांना तंबी देणारे. मग ज्ञानोबांनी पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. ते पाहून विसोबा पालटले, भावंडांचं उष्टं खाऊन शरण गेले. ज्याने मडकं मिळू दिलं नाही, त्याच्याकडेच कच्चं मडकं भाजायला गेलं! जुन्या कथाकारांची ही गंमत मला फार आवडते.

औंढ्याला जाऊन नामदेवराय बघतात, तर म्हातारा पिंडीवर पाय टाकून निजलेला. लगेच बोल लावायला लागले. स्वतःचा दोष ऐकवला नव्हता, दुसऱ्याचा मात्र देवळात पाऊल टाकताच दिसला. विसोबा म्हणाले, बाबा, पिंड नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. ठेवतील तिथे पिंड. तेव्हा कुठे नामदेवरायांनी त्या पायांवर डोकं ठेवलं. पुढे महाद्वारात पायरीची जागा त्यांनीच मागून घेतली, संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. ज्या डोक्याला थापटणं सोसलं नव्हतं, तेच हे डोकं.

कुणी म्हणेल, बुवा, मग कुणीही काहीही बोललं तर ऐकून घ्यायचं का? तुकोबांचं बघा. रामेश्वर भट्टांचा आक्षेप चुकीचा होता, तरी वह्या इंद्रायणीत गेल्या. तुकोबा तेरा दिवस तीरावर उपाशी बसले, आणि भांडले ते विठ्ठलाशी. भट्टांच्या दारात शिव्या द्यायला गेले नाहीत. अभंगही सोडले नाहीत. शेवटी भट्टच शिष्य झाले. तुकोबांची आरती आपण म्हणतो, ती त्यांच्याच नावावर आहे.

हे सगळं आज का काढलं? गेल्या वारीत एका मुक्कामी, पंगत उठल्यावर, एका माउलीने सगळ्यांदेखत विचारलं की भिशीचा हिशोब वाचून का दाखवत नाहीत? तिथे बसलेल्या दोघातिघांनी मला हे सांगितलं. उत्तरं अशी आली. वारीत हिशोब विचारायचा असतो का? तुमच्या वाऱ्या किती झाल्या? आमच्या आज्याने ही दिंडी उभी केली, ठाऊक आहे का? वही मात्र कुणी काढली नाही. वही चोख असेल, मला शंका नाही. आवाज बद्द आला, एवढंच म्हणतो. ती बाई खुरपणीच्या मजुरीतून भिशी भरते. सकाळी एकमेकांना भेटताना आपण तिच्याही पाया पडतो, आणि दुपारी तिच्या वाऱ्या मोजतो. यंदा ती दुसऱ्या दिंडीत नाव घालणार असं कानावर आलं आहे.

काल्याला अजून दोन दिवस आहेत. त्याआधी वही इथे, या माइकवर वाचा. शंभर वर्षांची नको, गेल्या सालची पुरे. त्या माउलीला निरोप धाडा आणि पुढे बसवा. वाचताना तिने मधेच काही विचारलं, तर मृदंग वाजवून तिचा आवाज बुडवू नका.

रामकृष्ण हरी.