थेंब येतो कुठून?

जुन्या अँबॅसेडरच्या मालकांत एक विनोद फार वर्षांपासून चालत आला आहे. गाडीखाली तेलाचा थेंब दिसला नाही, तर समजावं, इंजिनातलं तेलच संपलं! पण हेच तेल मागच्या बाजूनं क्लच प्लेटवर गेलं, तर क्लच घसरू लागतो. भरली गाडी आंबा घाट चढताना असं झालं, की कोणालाही हसू येत नाही.

अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. जुन्या गाड्यांतलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मूळचं ब्रिटिश, मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातलं. या इंजिनाच्या दोन टोकांची कथा वेगवेगळी आहे. पुढच्या बाजूला, पुलीच्या मागे, टायमिंग कव्हरमध्ये ऑइल सील असतं. आधीच्या इंजिनांत ते नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं असे. पुढे रबराचं आलं. घोड्याच्या खोगिराखालचा नमदा मोटारीतही चाकरी करून गेला, याची मला मोठी गंमत वाटते.

आमच्या भाईजानांच्या गाडीचं हे पुढचं सील गळायचं. पुली फिरली, की तेल सगळीकडे उडायचं, फॅन बेल्ट चिकट व्हायचा. एका गॅरेजमध्ये वर्षभरात दोनदा सील बदललं. नवं सील महिनाभर टिकायचं, पुन्हा तेच. शेवटी भाईजान गाडी भंगारात द्यायला निघाले. म्हटलं, थांबा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक उस्ताद आहेत, त्यांना एकदा दाखवू.

उस्तादांनी पान्याला हात लावला नाही. आधी रॉकेलनं इंजिन धुतलं, पुसून कोरडं केलं आणि त्यावर चक्क अंगाला लावायची पावडर भुरभुरली. मग गाडी चालू ठेवली. पावडरीवर तेलाची वाट उमटू लागली. “कवीसाहेब, जिथनं थेंब पडतोय तिथं बघू नका. सगळ्यात वर कुठं ओलं झालंय ते बघा,” ते म्हणाले. तेल खाली ओघळतं, वाऱ्यानं मागे जातं. थेंबाचा पत्ता नेहमीच खोटा असतो.

दोष पुढच्या सीलमध्येच होता. पण ते वारंवार का जातं? उस्तादांनी इंजिनाच्या बाजूची श्वासनळी काढून दाखवली. काळ्या चिकट गाळानं ती जवळजवळ बुजली होती. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू खाली निसटतोच. त्याला बाहेर जायला वाट नसली, की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. “याचा श्वास कोंडलाय. सील बदलून काय उपेग?” उस्ताद म्हणाले.

मग खरं काम सुरू झालं. पाणी सोडून रेडिएटर काढला, बेल्ट सैल केला. पुलीच्या मोठ्या नटाखाली वॉशरची एक कड वाकवलेली असते, ती आधी सरळ करावी लागते. पुली बाहेर आल्यावर उस्तादांनी तिच्या दांड्यावरून नख फिरवलं, मग माझं बोट तिथं ठेवलं. जुन्या सीलनं घासून घासून लोखंडात बारीक खाच पाडली होती. रबरानं लोखंड झिजवावं, हे मला तोवर पटलं नसतं. नव्या सीलचा ओठ त्याच खाचेत बसवला तर तो गळणारच. म्हणून सील किंचित कमी खोल ठोकलं. ओठ आता कोऱ्या लोखंडावर आला. सीलची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे.

आणि एक गोष्ट, जी घाईत सगळे चुकवतात. कव्हरचे बोल्ट लगेच आवळायचे नाहीत. ते सैल ठेवायचे, पुलीच्या दांड्याला तेल लावून ती सीलमधून आत सरकवायची. म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं. मगच बोल्ट आवळायचे. कव्हर केसभर जरी एका बाजूला राहिलं, तरी सील एकीकडूनच झिजतं. वरून कितीही पॅकिंगचं लुकण फासा, उपयोग नाही.

आता दुसरं टोक. या इंजिनाला मागच्या बाजूला सीलच नाही! शाफ्टवर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात. शाफ्ट फिरताना ते तेल पुन्हा आत ढकलतात. इंजिन बंद झालं, की एखादा थेंब निसटतो. तो बाहेर जावा म्हणून क्लचच्या घराच्या तळाशी भोक ठेवलेलं असतं, ते बुजवायचं नाही. ही गळती फार वाढली, तर बेअरिंगची झीज बघावी लागते. त्यामुळे या इंजिनाचं मागचं सील बदलून देतो असं कोणी म्हणालं, तर कुठलं सील, एवढं जरूर विचारा.

उस्तादांनी सत्तरी ओलांडली आहे. शिकायला पोरगं नाही. मुलं दुसऱ्या कामांत आहेत, आणि त्यांचंही बरोबरच आहे. अशा गाड्या गावात उरल्यात किती? मी कामाचा क्रम वहीत उतरवून घेऊ लागलो, तर ते म्हणाले, “लिवा, पण नख कसं फिरवायचं ते कसं लिवणार?” आता भाईजानांचा थोरला नातू रविवारी त्यांच्याकडे जातो. अजून तरी त्याला फक्त रॉकेलनं इंजिन धुवायला देतात.