शनिवारचा फोन

(हितचिंतकांच्या वार्षिक सभेत, जूनच्या शेवटच्या रविवारी भक्तीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, 'आपल्या घरातले उन्हाळी उपक्रम आणि सभासदांची खबरबात'. वेळ वीस मिनिटं दिली आहे. भक्ती आज थोडी लांबली आणि चहाचा वास इथपर्यंत येतोय, म्हणून पंधरा मिनिटांत आटपायचा प्रयत्न करते.

यंदा नवीन चेहरे बरेच दिसतात, म्हणून आधी घराविषयी दोन शब्द. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात आपण चालवतो त्या जागेला क्लबहाऊस म्हणतात. हा शब्द ऐकला की बिल्डरच्या जाहिरातीतला पोहण्याचा तलाव डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे पोहायला सोडाच, प्यायला पाणी एप्रिलनंतर टँकरचं असतं. ही पद्धत सुरू झाली न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या एका सरकारी मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या काही माणसांनी एकमेकांना धरून राहायचं ठरवलं. त्यांच्या गटाचं नावच होतं 'आपण एकटे नाही'. 1948 साली त्यांना शहरात एक घर मिळालं. त्याच्या अंगणात कारंजं होतं, म्हणून त्याला फाउंटन हाऊस म्हणू लागले. 1971 मध्ये लाहोरलाही याच नावाचं घर उघडलं. आपलं घर त्यांच्या जागतिक संघटनेत नोंदलेलं नाही, तेवढी आपली ऐपत नाही. रीत मात्र त्यांचीच घेतली आहे. इथे पेशंट नाहीत, खाटा नाहीत. आहेत ते सभासद. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, जुनाट नैराश्य असे आजार असलेले वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी भाऊबहिणी सकाळी येतात आणि घराचं काम करतात. स्वयंपाक, हिशेब, झाडलोट, पाहुण्यांना चहा, सगळं तेच करतात. आम्ही कार्यकर्ते त्यांच्या शेजारी बसून करतो. सभासदत्व कधी संपत नाही. आणि जो येत नाही, त्याची चौकशी करायला कोणीतरी जातं. कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारत नाही.

आता उन्हाळा. एप्रिलपासून आम्ही घराची वेळ सकाळी सात ते साडेअकरा अशी केली. कारण ऊन आणि गोळ्या. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरीही या गोळ्या असतील. या आजारांवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो आणि अंग स्वतःहून थंड होत नाही. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. मग हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, बोलणं जड होतं, तोल जातो. वाटेवरचे लोक म्हणतात, प्यालाय. अशा वेळी सावलीत न्यायचं आणि उशीर न करता डॉक्टरांकडे न्यायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि वाढवायचीही नाही. आपल्या एका सभासदाने याचं चित्र गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलं आहे. माठ, झाड आणि पाणी पिणारी माणसांची रांग. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी येऊन त्याचा फोटो काढून नेला.

कामं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये ज्यांना जमलं त्यांनी पहाटे मोह वेचला. मे महिन्यात नागलीचे पापड आणि कच्च्या करवंदांचं लोणचं. लोणच्याचा पहिला घाणा खारट झाला. मीठ दोघांनी टाकलं होतं, आणि दोघंही म्हणत होते, मीच टाकलं, त्याने नाही. आठवडाभर अबोला. मग स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशीने एक वही टांगली. जो मीठ टाकेल त्याने खूण करायची. लिहिता न येणाऱ्याने अंगठा उठवायचा. दुसरा घाणा उत्तम झाला.

एक दिवस एसटीने डहाणूला समुद्र बघायला गेलो होतो. त्याचे फोटो मागच्या फळ्यावर आहेत, ते बघा. मी तिथे फार रेंगाळत नाही, कारण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

आमच्याकडे दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. आपले सभासदही त्यांच्याबरोबर जातात, कारण मागे त्यांना भाकर कोण देणार? पाऊस तोंडावर आला की परत येतात. म्हणजे घराच्या यादीत नाव आहे आणि माणूस सहा महिने नाही. म्हणून भिंतीवर एक कागद आहे, शनिवारच्या फोनचा. बाहेर गेलेल्या प्रत्येकाला शनिवारी फोन करायचा. फोन सभासदच करतात, आम्ही नाही. विचारायचं एवढंच: जेवलास का, झोप लागते का, गोळ्या किती उरल्या?

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी एका मुलाचा फोन लागला नाही. आपल्या घरात पाणी भरणारा मुलगा. त्याने 'सांगा' म्हटलं म्हणून सांगते. नाव नको म्हणाला. तिसऱ्या शनिवारीही फोन बंद. मी म्हटलं, रेंज नसेल. मावशी म्हणाली, "दोन शनवार रेंज नाय? चला." मला खरं तर जायचं नव्हतं. त्या आठवड्यात हिशेब द्यायचे होते.

सोमवारी मावशी, एक सभासद दादा आणि मी भिवंडीच्या पुढे भट्टीवर पोचलो, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तो झापात होता. कमरेला दोर, दोर खांबाला. बाजूला पाण्याचा तांब्या आणि झाकून ठेवलेली भाकर. थोरला भाऊ धावत आला आणि मी काही बोलायच्या आधीच बोलू लागला. "भट्टी पेटलीय ताई. हा राती उठून चालाय लागतो. वर चढला तर काय करू?"

झालं होतं ते असं. भट्टीवर ऊन टाळायला मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमाराला उठून चिखल करायचा, विटा पाडायच्या. हजार विटांमागे मजुरी. झोपताना घ्यायच्या गोळीने त्याला दोनला जाग येत नसे. हजार भरत नव्हते. घराने मुकादमाकडून उचल घेतलेली. मग त्याने स्वतःच गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही. फोन करणाऱ्याला 'घेतो, घेतो' म्हणत राहिला. पुढे आवाज वाढले, तेव्हा तो फोन त्याने चिखलात टाकून दिला.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा रुग्णांना साखळीने बांधायला मनाई केली आहे. त्यामागे फार मोठं दुःख आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. 28 जण गेले. हे सगळं मला पाठ आहे. मी तोंड उघडलंच होतं. मावशीने माझा हात दाबला आणि ती त्या मुलाशेजारी मातीत बसली. म्हणाली, "मलाही बांधलेली रे. दोन पावसाळे." मग भावाकडे वळून, "सोड त्याला. मी बसते इथं. रातीलाही बसते."

आणि बसली. दोर सोडला, त्याने आधी लघवीला जायचं म्हटलं, मग भाकर खाल्ली. भावाने आमच्यासाठी चहा केला आणि चहा देताना तो रडला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, वेळ मात्र बदलली. झोपताना नाही, दिवस मावळताना घ्यायची. एवढंच हवं होतं. पण हे एवढंसं विचारायला कोणाकडे जायचं, हे त्या मुलाला माहीत नव्हतं. इतके शनिवार आम्ही फोन करत होतो आणि 'दोनला उठता येतं का?' हे कधीच विचारलं नव्हतं. आता ते कागदावर लिहिलं आहे.

मार्कच्या पाचव्या अध्यायातला थडग्यांमध्ये राहणारा मनुष्य तुम्हाला माहीत आहे. डिप्लोमा करताना मी त्याच्यावर लांबलचक निबंध लिहिला होता. भुतं, डुकरं, सत्ता यांवर पानंच्या पानं. त्या माणसाला शेवटी कुठे पाठवलं, यावर एक ओळही नव्हती. त्याला प्रभूबरोबर जायचं होतं आणि प्रभूने त्याला त्याच्या घरी पाठवलं. भट्टीवरून परत येताना एसटीत मला ते आठवलं, आणि त्या निबंधाला मिळालेले गुणही आठवले.

याच अध्यायाबद्दल आणखी एक गोष्ट बोलते, थोडी कडू आहे. एप्रिलमध्ये एका प्रार्थना शिबिरात आपल्या एका बहिणीला सांगितलं गेलं की आता तू बरी झालीस, गोळ्या म्हणजे अविश्वास. तिने लिथियम सोडलं. मे महिन्यात तिने तीन रात्री झोप न घेता घरातलं धान्य वाटून टाकलं. आज ती पुन्हा येते आहे, पण नवऱ्यासमोर मान वर करत नाही. ज्यांनी सांगितलं ते वाईट हेतूने बोलले नाहीत, हे मी जाणते. आमच्या पाड्यातला भगत मात्र आता अंगारा देतो आणि वर म्हणतो, घरात जाऊन डॉक्टरलाही दाखव. प्रार्थना करणाऱ्यांनी इतकं तरी म्हणावं. आजाऱ्यावर हात ठेवा, जरूर ठेवा. गोळीच्या डबीवर ठेवू नका.

बाकीची खबर. लोणच्याचा हिशेब ठेवणारी मुलगी बारावीला पुन्हा बसली आणि इंग्रजी सोडून सगळ्यात पास झाली. इंग्रजीला ती पुन्हा बसणार आहे. दोघांना अपंगत्वाचं कार्ड मिळालं. 2016 च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, तरी त्यासाठी फेऱ्या किती घातल्या ते विचारू नका. एकाचं लग्न ठरलं. त्याने आजाराचं मुलीला स्वतः सांगितलं. तिने दोन दिवस मागून घेतले, मग हो म्हणाली. एक जण आमच्यावर रागावून गेला आहे, कारण त्याच्या हातातली किल्ली मी घेतली होती. चूक माझी होती. दोनदा जाऊन आले, अजून दार उघडत नाही. आणि आपले सर्वांत म्हातारे बाबा मे महिन्यात झोपेतच गेले. इरली विणणारे. शेवटचं अर्धं इरलं खुंटीवर तसंच आहे. ते पुरं करायला कोणी हात लावत नाही.

तो भट्टीवरचा मुलगा आता घरात पाणी भरतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, खालच्या पट्टीत आहेत, असं तो सांगतो. पण त्याच्या घराच्या विटा कमी भरल्या. उचल फिटली नाही, उरलेली पुढच्या सालावर चढली. म्हणजे दिवाळी झाली की ते पुन्हा जाणार, आणि तोही जाणार. मी त्याला थांबवू शकत नाही.

म्हणून आज पैशाआधी दुसरंच मागते. दान तुम्ही देता, त्यावरच माठ, मीठ आणि एसटीचं भाडं चालतं, देव तुमचं भलं करो. पण कल्याण, भिवंडी, वसई या बाजूला राहणारी तुमच्यापैकी किती कुटुंबं आहेत! आम्हाला जायला एक दिवस मोडतो, तुम्हाला रिक्षाने तास लागेल. नोव्हेंबर ते मे, महिन्यातून एकदा भट्टीवर जायचं. बरोबर आपला एक सभासद असेल, त्यामुळे काय बोलायचं याची चिंता नको. उपदेश नाही, पुस्तिका वाटप नाही, मुकादमाशी भांडणही नाही. जेवलास का, झोप कशी, गोळ्या किती, दोनला उठता येतं का, एवढंच विचारायचं. काही वेगळं वाटलं तर आम्हाला फोन करायचा. रात्री-अपरात्री आम्ही सापडलो नाही तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416, ती मराठीतही बोलते.

मागच्या टेबलावर मावशी बसली आहे. तिच्यासमोर एक वही आहे, तीच, मिठाची. तिच्या शेवटच्या पानावर नाव आणि राहण्याचं ठिकाण लिहा. शेजारी करवंदाचं लोणचं आहे, दुसऱ्या घाण्याचं. भाव बाटलीवर लिहिला आहे. सुटे पैसे द्या, मावशीला मोड शोधायला वेळ लागतो आणि ती कोणाला मदत करू देत नाही.

चहा तयार आहे असं दिसतं.