एच.आय.व्ही.चे औषध आणि कामगाराचा खाडा



संघटनेचा माणूस वेतनावर नाहीतर बोनसवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. मी आज औषधावर बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे समजले ते डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारून आणि रात्री पुस्तके वाचून समजले. तेव्हा भाषा ओबडधोबड वाटल्यास सांभाळून घ्यावे.

विषय का निवडला, ते आधी सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या संघटनेत लाकडाच्या ट्रकवर भरणी करणारा एक गडी होता. महिन्यातून एक दिवस तो न सांगता गायब होई. ठेकेदार मजुरी कापी, आणि मीही एकदा चार लोकांदेखत त्याला म्हणालो, "संघटनेच्या जिवावर खाडे करू नकोस." तो खाली मान घालून उभा राहिला. पुढच्या महिन्यापासून त्याचे खाडे बंद झाले. मला वाटले, सुधारला! वर्षभराने तो क्षयाने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, तो खाडा नव्हता. गोळ्यांची तारीख होती." जिल्ह्याच्या गावी जाऊन यायचे, म्हणजे येथून एका बाजूने शंभरावर किलोमीटर. त्याला एच.आय.व्ही. होता, आणि माझ्या बोलण्याच्या धाकाने त्याने गोळ्या सोडल्या होत्या.

गोळ्या सोडल्याने काय होते? हा विषाणू रक्तातल्या रक्षक पेशींत शिरतो आणि त्यांच्याकडूनच आपल्या नकला करून घेतो. पण नकला करताना तो चुका फार करतो. औषध रक्तात पुरेसे असेल तर नकलाच होत नाहीत. औषध अर्धवट असेल तर नेमक्या ज्या चुकीच्या नकलेवर ते चालत नाही, ती वाचते आणि वाढते. पुढे तेच औषध कितीही घेतले तरी गुण येत नाही. आमच्या गड्याचे असेच झाले. मग दुसऱ्या टप्प्याचे औषध लागते. त्यातले मुख्य म्हणजे प्रोटिएझ इन्हिबिटर.

आलापल्लीच्या माणसाला हे औषध समजावणे सोपे आहे. आरा गिरणीत अख्खा ओंडका येतो. तो करवतीने कापल्याशिवाय त्याची दारे-खिडक्या होत नाहीत. विषाणूची प्रथिनेही अशीच लांबलचक, एकसंध तयार होतात. ती ठरलेल्या जागी कापणारी त्याची स्वतःची करवत असते. तिचे नाव प्रोटिएझ. ती बंद पडली तर विषाणू बाहेर पडतो खरा, पण कच्चा. त्याच्याने दुसरी पेशी बाधत नाही. हे १९८८ साली सिद्ध झाले. १९८९ मध्ये या करवतीचा आकार शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी टिपला. दोन सारखी अर्धुके जोडून ती झालेली आहे, आणि दाते मध्यभागी आहेत. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या दातांत बसेल अशी पाचर घडवली: दिसायला ओंडक्याच्या तुकड्यासारखी, पण कापली न जाणारी. ती दातांत अडकून बसते आणि करवत थांबते.

असे पहिले औषध, साक्विनाव्हिर, अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मंजूर झाले. मार्च १९९६ मध्ये रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर आली. दुसऱ्या औषधांच्या जोडीने ती देऊ लागताच तेथील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे ध्यानात आले की रिटोनाव्हिर थोडेसे दिले तर यकृत जोडीचे औषध लवकर मोडत नाही. म्हणून आज लोपिनाव्हिर किंवा अॅटाझानाव्हिरच्या जोडीला ते असते. मात्र क्षयावरचे रिफाम्पिसिन याच्या उलट वागते. ते ही औषधे रक्तातून उडवून लावते. म्हणून दोन्ही आजार असतील तर दोन्ही डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. क्षयाचे औषध बदलून देता येते.

आता किमतीची गोष्ट. पाश्चात्त्य देशांत तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले. त्यात प्रोटिएझ रोखणारे औषध नव्हते, पण किमतीचा बांध फुटला तो तेथे. हे शक्य झाले १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या रीतीवर पेटंट मिळे. २००५ मध्ये कायदा बदलला, तरी जुन्याच औषधाला नवे रूप देऊन पेटंट लांबवण्यास त्यात अटकाव ठेवला आहे.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईजवळच्या तांबरम येथे दुसरा टप्पा सुरू झाला. आज पहिल्या टप्प्यातही डोल्युटेग्रेव्हिर असलेली, रोज एकच घ्यावयाची गोळी आहे. आमच्या गड्याला दुसऱ्या टप्प्याचे औषध मिळाले. तो उठला. मुलीच्या लग्नात त्याने स्वतः पंगत वाढली.

तेव्हा शास्त्रज्ञांनी पाचर घडवली, कारखान्यांनी ती स्वस्त केली, सरकारने फुकट दिली. एवढे सगळे होऊन ती एका दिवसाच्या मजुरीपाशी अडली, आणि अडवणाऱ्यांत मी होतो. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या आजारासाठी कामावरून काढणे, नोकरीसाठी तपासणीची सक्ती करणे, संमतीवाचून नाव फोडणे त्याने मना केले आहे. पण कायद्याला खाड्यामागचे कारण दिसत नाही. ते शेजारी काम करणाऱ्याला दिसते.

म्हणून आमच्या संघटनेने एक नियम केला आहे. महिन्यातला एक दिवस कोणी दवाखान्यासाठी मागितला, तर कोणता आजार हे विचारावयाचे नाही आणि मजुरी कापू द्यावयाची नाही. येथे दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, ट्रकमालक आहेत. आपल्या हाताखालच्या माणसाला आपणही तो एक दिवस द्यावा, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.