बंदी वस्तूवर, धाक बाईवर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "ई-सिगारेट म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरींचे चोचले. त्याचे आपल्याला काय?" बोलून टाकले ते बरेच झाले, कारण हा प्रश्न अनेकींच्या मनात असणार. पण बाटली आडवी करण्यासाठी दारोदार सह्या गोळा करणाऱ्या आपण. बंदी कागदावर कशी असते आणि मागच्या दाराने कशी निसटते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? म्हणून हा विषय आपला आहे.

आधी वस्तू काय ते पाहू. पेनासारखी किंवा छोट्या डबीसारखी दिसते. आत बॅटरी, तापणारी तार आणि एक द्रव. द्रवात बहुधा निकोटिन असते, शिवाय आंबा, पुदिना असले स्वाद. ओढले की वाफ येते. तंबाखू जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातले डांबर त्यात नसते. पण सवय लावणारे निकोटिन तेच, आणि गरोदर बाईच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोचते.

मुलींच्या हाती ही वस्तू का जाते, त्याचे कारण आपल्या समाजातच आहे. टपरीवर मुलगा सिगारेट ओढतो तेव्हा कुणी मान वळवत नाही. मुलगी उभी राहिली की सगळा रस्ता बघतो. वेपला सिगारेटसारखा वास नाही, राख नाही, पर्समध्ये मावते. रात्रपाळीच्या कॉलसेंटरमध्ये, वसतिगृहाच्या न्हाणीघरात, ती लपून ओढता येते. जे लपवता येते तेच बाईच्या वाट्याला यावे, ही काही नवी गोष्ट नाही.

आता कायदा. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात संसदेने त्याचा कायदा केला. ई-सिगारेट बनवणे, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी झडती घेऊ शकतो. पण ओढणाऱ्या व्यक्तीबद्दल कायद्यात वेगळे कलम नाही. २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने मात्र असा अर्थ सांगितला की कितीही आणि कशीही, नुसती जवळ बाळगणे हाही कायद्याचा भंग आहे. कलमात नसलेली गोष्ट खुलाशातून आली की काय होते? पोलिसाच्या हातात मोकळी दोरी येते, आणि त्याच्यासमोर उभी असलेली मुलगी घरी कळेल या भीतीने मागेल ते द्यायला तयार होते.

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वसतिगृहात तिच्या बॅगेत वेप सापडला. बाईंनी तडक वडिलांना फोन लावला. वडिलांनी सामान भरून तिला गावी नेले, शिक्षण थांबले, स्थळे पाहणे सुरू झाले. तिला ती वस्तू आणून देणारा वर्गमित्र कॉलेजात होता तिथेच राहिला. वर तिने पाठवलेले निरोप दाखवून "सगळ्यांना सांगेन" अशी धमकी देत होता. मुलीने पोलिसांकडे जायचे म्हटले तर पहिला प्रश्न तिलाच: तू ती घेतलीस कुठून? या सगळ्यात सवय सोडवायला कुणी मदत केली का? कुणी विचारलेसुद्धा नाही.

बंदीने वस्तू नाहीशी झालेली नाही. ती ओळखीतून, फोनवरून मिळते. फरक इतकाच की आत काय आहे हे आता सांगणारे कुणी नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांची फुप्फुसे निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०० हून अधिक लोक आजारी पडले, ६८ दगावले. तपासात बोट मुख्यतः व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेल्या, गांजाचा अर्क असलेल्या द्रवांकडे गेले. त्यातला बराचसा माल अनधिकृत मार्गाने आलेला होता. हातभट्टीत काय मिसळतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवल वाटणार नाही.

मग बंदी उठवा असे मी म्हणते का? नाही. शाळकरी पोरांना आंब्याच्या स्वादाचे निकोटिन विकणाऱ्या कंपन्यांची कणव मला नाही. ब्रिटनने उलटी वाट धरली. तिथे वेप विकू दिले, आणि २०२३ मध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना सरकारतर्फे वेप आणि सिगारेट सोडणाऱ्या गरोदर बायांना व्हाउचर देण्याची योजना जाहीर झाली. पण पोरे तिथेही नादी लागली, आणि जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपवर तिथेही बंदी आली. त्यांचा प्रश्न धुराचा आहे. आपल्या बायांची तंबाखू तोंडात आहे.

आणि इथेच मला सरकारशी भांडायचे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत ई-सिगारेटचे नाव ऐकलेले लोक शंभरात तीन होते. त्याच पाहणीत देशातल्या १४.२ टक्के बाया तंबाखू वापरत होत्या. ओढणाऱ्या फक्त २ टक्के, बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या १२.८ टक्के. नव्या वस्तूवर वटहुकूम निघाला. सिगारेट टपरीवर राहिली, आणि सरकारी आयुर्विमा महामंडळाचे सिगारेट कंपनीतले समभागही राहिले.

आपल्याकडची खरी वस्तू म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, दातांना लावायची. तंबाखू घातलेली दंतमंजने बनवायला व विकायला १९९२ मध्येच बंदी झाली, सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पण घरच्या तव्यावर कोणते कलम लावणार? पाकिटावरचे ८५ टक्के जागेतले भयंकर चित्रही सुट्या तंबाखूच्या पुडीवर नसते. बाई सांगते, दात दुखतो म्हणून लावते, पोट साफ होते म्हणून लावते, भूक मरते म्हणून लावते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चुलीपाशी बसल्यावर तेवढी पाच मिनिटे तिची स्वतःची असतात, हे ती सांगत नाही, पण आपल्याला दिसते. मुंबईतल्या गरोदर बायांचा प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले.

एकीला कायद्याचा धाक आहे, दुसरीकडे कायदा फिरकतच नाही. सोडायला मदत मात्र दोघींनाही नाही. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत होते? हात वर करा. ...चार. (हशा) आणि तो विकत घ्यायला पैसे कुणाकडे मागायचे, हा पुढचा प्रश्न.

तेव्हा आपण मागायचे काय? नुसते जवळ बाळगणारीला गुन्हेगार धरणार नाही, हे सरकारने लेखी स्पष्ट करावे. वसतिगृहांनी घरी फोन करण्याआधी मुलीला समुपदेशकाकडे न्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंद होते तेव्हा मिश्रीचा प्रश्न विचारलाच जावा, आणि उत्तर आल्यावर तिला ओरडा बसू नये. हे तिसरे काम सर्वांत अवघड, असा माझा अनुभव आहे. कारण तपासणारी ताईही कधी कधी मिश्री लावते, आणि तिलाही कुणी मदत केलेली नसते.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मोफत फोनसेवा आहे: १८००-११-२३५६. तो क्रमांक आपल्या कार्यालयाच्या फळ्यावर लिहून ठेवा. बाईकडे स्वतःचा फोन नसतो, म्हणून कार्यालयातला फोन तिला एकटीला वापरू द्या, दार लोटून. आणि पुढच्या महिन्यात वस्तीत पाहणी कराल तेव्हा "व्यसन आहे का?" असे विचारू नका. सगळ्या जणी नाहीच म्हणतील. "सकाळी दात कशाने घासता?" असे विचारा.