बेळगावचा न्याय मालेगावला
(नाशिक रोड येथील सभेतील भाषण)



१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं. तिथला मराठी माणूस एका रात्रीत त्या राज्यात अल्पसंख्य झाला. त्याच्या पोरांची शाळा मराठीच पाहिजे, असं आपण घसा फोडून सांगतो. बरोबरच आहे!

मग आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव बघा. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले, मागावर बसले. घरात उर्दू. सोलापुरात पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू. त्यांनी बोली टाकावी तेव्हाच ते आपले? अहो, संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ कडाडला तो शाहीर अमर शेखांचा, बार्शीच्या मुसलमान घरातला गडी!

माझं मागणं एवढंच, युनियनचं हँडबिल मालेगावला उर्दूतही जाऊ द्या, सोलापूरला तेलुगूत. छपाईला पैसे लागतील, वर्गणीतून काढू.