नाव हजेरीत राहू द्या
(औंढा नागनाथ येथील व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेत आठवड्याला मिळते ती लोहाची गोळी निळी, आणि आशाताई गरोदर बाईला देतात ती लाल. आपल्याकडच्या काही पोरींच्या हातात या दोन्ही गोळ्या एकाच वर्षात पडतात. दिवाळीआधी नववीच्या बाकावर असलेली पोर पुढच्या दिवाळीपर्यंत बाळंत झालेली असते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. परभणीत हाच आकडा 48. आपला हिंगोली जिल्हा 1999 पर्यंत त्याच परभणीत होता. त्याच पाहणीत हिंगोलीतही तीनातल्या एकीहून जास्त मुलींची हीच गत निघाली.

लग्नं इतक्या लवकर का होतात? ऊसतोडीत मुकादमाची आगाऊ उचल जोडीला मिळते. सून आली की घरात एक कोयता वाढतो. इकडे मुलीच्या आईबापांना फडावर जायचं असतं. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यांची ही काळजी खोटी नाही, आणि त्यांना नावं ठेवून ती मिटणारही नाही. शिक्षण हक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच हात धरतो. खरा धोका तिथून पुढे सुरू होतो.

पंधरा-सोळाव्या वर्षी कमरेची हाडं पुरती रुंदावलेली नसतात, त्यामुळे बाळ अडतं. अंगात रक्त कमी असतं, रक्तदाब चढून झटके येऊ शकतात, आणि बाळ अनेकदा अडीच किलोच्या आत भरतं. ही जोखीम वेळेवर तपासणी झाली तर पुष्कळ टळते. पण पोरीला तपासणीला आणतं कोण? 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे, अठराखालची गरोदर मुलगी आली की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. लग्न झालंय म्हणून नवरा सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं. कायदा पोरीच्याच बाजूचा आहे. पण धसका घेतलेली माणसं केसपेपरवर वय एकोणीस सांगतात, आणि मग जोखमीची गरोदर पोर साध्या रांगेत उभी राहते. डॉक्टरांना खरं वय सांगा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मूल नको असेल तर गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. त्यासाठी पालकाची संमती लागते. मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय.

लग्न थांबवायला ग्रामसेवक आहेत, अंगणवाडीताई आहेत, 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. पण जिचं थांबलं नाही, तिचं काय? गरोदर मुलीला शाळेतून काढा, असं कुठलाही कायदा म्हणत नाही. घरचे दाखला मागतात आणि शाळा देऊन टाकते. मुख्याध्यापकांनो, दाखल्यावर सही करण्याआधी त्या पोरीशी एकदा बोला. आणि शाळा सुटलीच, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला दहावीला बाहेरून बसता येतं. तो फॉर्म तिच्या घरी जाऊन कुणी भरून द्यायचा, हे शाळेच्या येत्या बैठकीत नाव घालून ठरवा.